जिभेला हाड

त्या संध्याकाळी सरदेसायांनी नेहमीप्रमाणे दोन्ही डोळे पुढे वळवले, मान किंचित लांबवली, तोंड उघडले आणि जिभेचे जाडसर गुलाबी टोक ओठांच्या बाहेर आणून ठेवले. समोर जेमतेम दहा इंचांवर एक झुरळ फांदीवरून चालले होते. इथवर आले की पुढचे काही डोळ्यांना दिसत नाही, ‘टप्’ असा बारीक आवाज होतो आणि झुरळ जागेवरून नाहीसे झालेले असते, असा आमचा वर्षभराचा अनुभव होता. त्या दिवशी मात्र जीभ तशीच ओठांशी थबकून राहिली, तीन-चार सेकंदांनी आत गेली, तोंड मिटले, आणि सरदेसाई डुलत डुलत एकेक पाऊल टाकत झुरळापर्यंत चालत गेले व त्यांनी ते एखाद्या पालीसारखे थेट जबड्यात धरले. आम्ही तिघेही हसलो. ‘साहेबांना आता स्वतः उठून वाढून घ्यायची सवय लागली,’ असे माझ्या नवऱ्याने जाहीर केले. त्या हसण्याची मला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

सरदेसाई म्हणजे आमच्या घरातला शॅमेलिऑन. मिशिगनमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीत कुत्री-मांजरे पाळायला मनाई आहे, आणि ‘घरात काहीतरी जिवंत हवे’ हे लेकीचे पालुपद तिच्या नवव्या वर्षी टिपेला पोहोचले तेव्हा पिंजऱ्यातच जन्मलेला, चार महिन्यांचा हा हिरवा जीव घरी आला. ही जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य टोकाची. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो, म्हणून इंग्रजीत तिला ‘व्हेल्ड’ म्हणजे बुरखाधारी म्हणतात. तिच्या भारतीय भाऊबंदाला मराठीत सरडगुहिरा किंवा घोयरा सरडा अशी नावे आहेत. ‘सरडा’पासून ‘सरदेसाई’पर्यंतचा प्रवास नवऱ्याने पहिल्याच रात्री जेवता जेवता उरकला, आणि नावच असे पडल्यामुळे त्यांना अरे-तुरे करणे पुढे कोणालाच जमले नाही.

माझी आई बार्शीकडची आहे. तिच्या लहानपणी बांधावरच्या बाभळीत घोयरा दिसला की पोरे दगड घेऊन धावत, कारण तो विषारी असतो असे सगळेच धरून चालत. प्रत्यक्षात त्याला विष नसते आणि पळून जाण्याइतका वेगही नसतो. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि भारतात तो घरी पाळता येत नाही, हे मी आईला सांगितले तेव्हा ‘पाळायचाय कुणाला?’ असे तिने विचारले होते. तीच आई आता दर रविवारी फोनवर आधी नातीची, मग जावयाची चौकशी करते आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून विचारते, “सरदेसाई जेवले का?”

या प्रश्नाचे उत्तर एरवी सोपे असायचे, पण ते मिळवण्यासाठीची व्यवस्था सोपी नव्हती. घोयऱ्याला वाटीतले पाणी सहसा पाणी म्हणून ओळखू येत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटून पितो. म्हणून पिंजऱ्याच्या वर आम्ही एक भांडे ठेवले आहे आणि त्याच्या बुडाच्या बारीक छिद्रातून खालच्या मनी प्लांटवर थेंब थेंब पाणी पडत असते. महादेवाच्या पिंडीवरची गळती पाहिलेल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही. खाण्यासाठी रातकिडे, झुरळे, रेशीमकिडे आणि तंबाखूच्या पिकावर पडणारी ती लठ्ठ हिरवी अळी. ज्या आईने आयुष्यभर दर शनिवारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत बोरिक पावडर टाकली, तिची मुलगी कोटांच्या कपाटात खोक्यात झुरळे वाढवते आहे, ही गोष्ट मी पहिले सहा महिने घरी कळू दिली नव्हती.

मराठीत जिभेला हाड नसते असे म्हणतात आणि ते माणसाच्या बोलण्याबद्दल खरेच आहे. घोयऱ्याच्या बाबतीत ते खोटे आहे. त्याच्या गळ्यातील कंठिका या हाडापासून एक निमुळता, गुळगुळीत दांडा पुढे येतो आणि मिटलेल्या तोंडात सारी जीभ या दांड्यावर एखाद्या मोज्यासारखी चढवून ठेवलेली असते. दांड्याभोवती फेकणाऱ्या स्नायूचे नळकांडे असते आणि त्यामागे आत ओढणारा स्नायू चुण्या पडून दाटीवाटीने बसलेला असतो. फेकणारा स्नायू आवळतो, दांड्याच्या टोकावरून पुढे सटकतो आणि जीभ सुटते. बराच काळ असे मानले जाई की फणसाची बुळबुळीत आठळी चिमटीत दाबली की जशी उडते, तशीच ही जीभ उडत असावी. पण मोजमाप केल्यावर हिशेब जुळेना, कारण जिभेच्या उड्डाणात जेवढी शक्ती दिसत होती तेवढी कोणताही स्नायू त्या क्षणात निर्माण करूच शकत नाही. 2004 मध्ये नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी हे कोडे बरेचसे सोडवले. दांडा आणि स्नायू यांच्यामध्ये कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या लवचीक म्यानांचे एकात एक बसलेले थर असतात. स्नायू आधी सावकाश आवळून ही म्याने ताणतो, धनुष्याची दोरी ओढावी तसा, आणि साठवलेली ती सगळी ऊर्जा मग एकदम मोकळी होते.

ओठांशी जीभ आणून थांबणे म्हणजे ही दोरी ओढण्याची वेळ, हे मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर ते थबकणे मला आळसासारखे दिसले नसते.

आकडे इतके विलक्षण आहेत की ते सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या देहाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावरचा किडा घोयरा सहज टिपतो. 2016 मध्ये जीवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर अँडरसन यांनी 20 प्रजातींच्या जिभा वेगवान कॅमेऱ्याने टिपल्या, तेव्हा सर्वांत मोठी कामगिरी आकाराने लहान असलेल्यांची निघाली. टांझानियातील एका चिमुकल्या घोयऱ्याची जीभ शरीराच्या अडीचपट लांब जात होती, आणि तिचे त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या 264 पट होते. त्या मानाने आमचे येमेनी सरदेसाई धिप्पाड आणि संथच म्हणायचे. तरी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सात इंच भरणारा हा गृहस्थ बारा इंचांवरचा रातकिडा उचलतो, ही नोंद लेकीच्या वहीत पहिल्या उन्हाळ्यातली आहे. त्या वहीचा उपयोग पुढे डॉक्टरांनाही झाला.

जानेवारीत जे सुरू झाले ते एकाच प्रकारचे राहिले नाही. काही दिवस जीभ बाहेर येऊन परत जाई. काही दिवस ती सुटे, पण किड्याच्या इंचभर अलीकडे दम तोडे आणि फांदीवर लोळत परत येई. एकदा तर ती अळीवर नेमकी बसली, अळी उचललीही गेली आणि अर्ध्या वाटेत गळून खाली पडली. सरदेसायांनी रिकामे तोंड दोन-तीनदा चावून पाहिले. त्यानंतर हळूहळू ते दूरच्या किड्याकडे पाहणेच सोडून देऊ लागले. हातात धरून अगदी तोंडाशी नेलेला किडा घेत, वाटीत तोंड घालून घेत, पण फांदीवरून चालणाऱ्याकडे एक डोळा फिरवून दुर्लक्ष करत. आम्ही याला नखरे म्हणालो. आई फोनवर म्हणाली, “अगं, लाडावलाय तो. हातानं भरवायला लागलीस ना, मग कशाला करेल कष्ट?” जिभेचे चोचले हा शब्दप्रयोग त्या महिन्यात आमच्या घरी रोज एकदा तरी होत होता.

त्यातच त्यांनी पाने खायला सुरुवात केली. या जातीचे प्रौढ पाने खातात, येमेनच्या कोरड्या महिन्यांत त्यातून थोडे पाणी मिळत असावे असा एक तर्क आहे, आणि सरदेसाई मनी प्लांटचा एखादा तुकडा पूर्वीही तोडत असत. त्यामुळे अर्धी वेल फस्त झाली तरी मला विशेष काही वाटले नाही. मात्र एका सकाळी ते पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कुंडीतली माती चाटताना दिसले. माझ्या चुलतबहिणीला दिवस गेले होते तेव्हा ती भिंतीचा चुना खरवडून खायची आणि आजीने तिला दामटून डॉक्टरकडे नेले होते, ही आठवण मला त्याच क्षणी आली. आठवण आली, तरी मी आणखी आठवडा घालवला.

तो आठवडा घालवण्यामागे माझ्याकडे एक सोयीस्कर कारण होते, ते थंडीचे. बाहेर उणे पंधरा तापमान, घरातली ऊब रात्री कमी होणारी, आणि हा तर थंड रक्ताचा प्राणी; थंडीने गारठून तो मंदावला असेल, असे मी स्वतःला समजावत होते. मग एका रात्री वाचता वाचता 2010 चा एक प्रयोग हाती लागला आणि हे कारण पार निकामी झाले. अँडरसन आणि त्यांचे सहकारी स्टीफन डीबन यांनी नेमक्या सरदेसायांच्याच जातीच्या घोयऱ्यांना 15, 25 आणि 35 अंश सेल्सिअस तापमानात किडे टिपायला लावले होते. तापमान दहा अंशांनी उतरले की जीभ आत ओढण्याची ताकद 42 टक्क्यांहून अधिक घटते, पण जीभ फेकण्याची ताकद अवघी 10 ते 19 टक्के घटते. कारण उघड आहे: ओढण्याचे काम थेट स्नायू करतो आणि गारठलेला स्नायू मंद होतो, फेकण्याचे काम मात्र ताणलेली म्याने करतात, त्यांना थंडीचे फारसे काही वाटत नाही. म्हणूनच हा प्राणी पहाटेच्या गारव्यात, बाकीचे सरडे अजून ऊन शोधत असताना, शिकार करू शकतो.

मी वही उघडून बसले. गारठलेल्या घोयऱ्याची जीभ नीट सुटायला हवी होती आणि सावकाश परतायला हवी होती. आमच्या घरी बरोबर उलटे घडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यांची वेळ घेतली. त्या पंचावन्न मैलांवर होत्या. पायमोज्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, भाजीच्या जाळीदार पिशवीत एक फांदी आणि फांदीवर रागाने काळवंडलेले सरदेसाई, असा आमचा प्रवास झाला.

त्यांच्या खोलीत पहिला प्रश्न आला तो जिभेबद्दल नव्हताच. नेम चुकतो तेव्हा कुठे चुकतो, असे त्यांनी विचारले. बाजूला जातो की आखूड पडतो? मला उत्तर देता आले ते लेकीमुळे, कारण पहिल्या दिवसापासून तिने वहीत रकाने आखून तारीख, अंतर आणि ‘लागला, चुकला, पडला’ अशी नोंद ठेवली होती. आखूड पडतो, बाजूला जात नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी आधी डोळेच तपासले. घोयरा अंतर मोजतो ते डोळ्यातले भिंग जुळवून. 1977 मधल्या एका प्रयोगात घोयऱ्यांच्या डोळ्यांपुढे चक्क चष्म्यासारखी भिंगे बसवली होती, आणि भिंगाप्रमाणे त्यांचा अंतराचा अंदाज हुकत गेला. तेव्हा आखूड पडणारी जीभ हा कधी कधी डोळ्यांचाही दोष असतो. सरदेसायांचे डोळे सुजलेले नव्हते, पापण्यांच्या कडेला मळ नव्हता, बोट फिरवले की दोन्ही बुबुळे त्याच्यामागे येत होती. डोळे बहुधा ठीक होते.

मग तोंड. त्यासाठी पट्टी घालून जबडा उघडावा लागेल, असे त्या म्हणाल्या आणि तशी वेळ आली नाही, कारण सरदेसायांचा स्वभाव मुळात तापट. अनोळखी चेहरा जवळ येताच त्यांनी फुत्कार टाकून तोंड स्वतःच पूर्ण उघडले आणि त्या बाईंनी शांतपणे दिवा धरून आत सगळे पाहून घेतले. हिरड्यांना पू नव्हता, जिभेवर जखम वा गाठ नव्हती, दांड्याच्या मुळाशी सूज नव्हती. एक्स-रे काढला तेव्हा मात्र हाडे असायला हवी तेवढी ठसठशीत दिसली नाहीत, आणि रक्तात कॅल्शिअम कमी आले.

स्नायू आवळायला कॅल्शिअम लागते हे शाळेत शिकलेलेच आहे. पण ते कमी पडू लागले की सर्वांत आधी कोणता स्नायू हे सांगेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. चालणे, पकड घेणे, डोळे फिरवणे हे सगळे थोड्या कमी ताकदीतही भागते. जिभेचे तसे नाही. दोरी पूर्ण ताणली गेली नाही तर बाण सुटतच नाही किंवा हातभरावर पडतो, आणि हे ताणण्याचे काम शरीरातल्या सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे. पंजे वाकडे होणे, जबडा रबरासारखा मऊ पडणे ही याच रोगाची पुढची आणि भयंकर रूपे असतात. आमच्या घरी तो त्याआधी, ताटाशी दिसला होता, आणि आम्ही त्याला नखरे म्हणत होतो.

चूक कुठे झाली ते शोधायला फार वेळ लागला नाही. किड्यांच्या शरीरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शिअम नगण्य असते, म्हणून त्यांच्यावर कॅल्शिअमची पूड भुरभुरून द्यावी लागते. ते मी न चुकता करत होते, लाडवाला पिठीसाखरेत घोळवावे तसे रातकिडे घोळवत होते. पण पुडीतले कॅल्शिअम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते बनायला कातडीवर अतिनील किरणांचा एक ठरावीक पट्टा पडावा लागतो. खिडकीच्या काचेतून तो येत नाही, म्हणून पिंजऱ्यावर अतिनील दिव्याची वेगळी नळी लावलेली असते. “ही नळी कधी घेतलीत?” असे डॉक्टरांनी विचारल्यावर मी अभिमानाने सांगितले की सरदेसाई आले त्याच दिवशी घेतली आणि अजून छान उजेड देते. त्या काही बोलल्या नाहीत, नुसते लिहून घेत राहिल्या. उजेड वर्षानुवर्षे तसाच दिसत राहतो. अतिनील किरण मात्र महिन्यांगणिक ओसरत जातात आणि ते डोळ्यांना कळण्याचा काहीही मार्ग नसतो. आमची नळी चौदा महिन्यांची झाली होती.

घरी परतताना मला वहीत नसलेली एक गोष्ट आठवली. डिसेंबरपासून सरदेसाई दिवसचे दिवस सर्वांत वरच्या फांदीवर, नळीला जवळजवळ पाठ टेकवून, अंग चपटे करून बसलेले असत. पूर्वी तासाभरात ते खाली पानांत उतरत. आम्हाला वाटे, थंडी आहे, ऊब घेत आहेत. टेक्सासमधल्या काही संशोधकांनी 2009 मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेले काम मी नंतर वाचले. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होते ते अतिनील प्रकाशात अधिक वेळ जाऊन बसत होते, आणि ज्यांच्या आहारात ते पुरेसे होते ते कमी बसत होते. हिशेब त्यांचे शरीरच ठेवत होते. सरदेसाई दुसऱ्या जातीचे आहेत आणि त्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. पण ज्या दिव्यात किरण उरलेच नव्हते, त्याच्यापाशी ते तासन्‌तास पाठ लावून बसत होते, एवढे मी पाहिलेले आहे.

अर्ध्या वाटेतून गळून पडलेल्या अळीचा उलगडा एवढ्याने होत नव्हता, कारण तिथे जीभ पोहोचली होती आणि चिकटली नव्हती. हा प्रश्न मीच काढला आणि डॉक्टरांना तो आवडला असावा, कारण त्या खुर्ची ओढून बसल्या. घोयऱ्याच्या जिभेचे टोक शिकारीवर आदळताना त्यातला एक स्नायू मध्यभाग आत खेचतो, त्यामुळे टोकाची वाटी होते आणि ती थोडी चोखूनही धरते. पण मुख्य काम करते ती लाळ. बेल्जियममधील संशोधकांनी 2016 मध्ये या लाळेची दाटी मोजली आणि ती माणसाच्या लाळेच्या सुमारे 400 पट भरली. जीभ जितक्या झटक्याने मागे खेचली जाते तितकी एवढी दाट लाळ सुटायला नकार देते, आणि त्यामुळे घोयरा स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी शिकारही ओढून आणू शकतो. ही लाळ बनवणाऱ्या पेशी निरोगी राहायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की ओलसर अस्तराच्या जागी कोरड्या, कठीण पेशी येऊ लागतात, आधी डोळ्यांभोवती आणि तोंडात. गाजरात असते ते बीटा-कॅरोटीन. त्यापासून पुरेसे अ जीवनसत्त्व बनवणे अनेक कीटकभक्षी सरपटणाऱ्यांना जमत नसावे, असे पशुवैद्यांचे मत आहे, आणि आमच्या जीवनसत्त्वाच्या डबीवर फक्त बीटा-कॅरोटीन लिहिलेले होते. खात्री करायची तर यकृताचा तुकडा काढून तपासावा लागतो, तो कोणी या लहानशा प्राण्यात हौसेने काढत नाही. म्हणून त्यांनी तयार अ जीवनसत्त्वाचे मोजके थेंब, दोन आठवड्यांच्या अंतराने, तोंडावाटे द्यायला सांगितले आणि ‘थोडे जास्त दिले तर लवकर बरे होईल’ असा विचार माझ्या डोक्यात येणार हे ओळखून आधीच बजावले की हे जीवनसत्त्व जास्त झाले तर त्याचेच विष होते.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून विसरलेले नाही. त्यांच्याकडे आलेल्या एका घोयऱ्याची जीभ बाहेर आली ती आत गेलीच नाही, पावसात पडलेल्या दोरीसारखी हनुवटीखाली लोंबत राहिली, आणि घरच्यांनी ती आपण होऊन आत जाईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली. तोवर ती वाळून काळी पडली होती. अशी वेळ आली तर जीभ ओढायची नाही, कोंबायची नाही, ओली ठेवायची आणि त्याच तासात निघायचे. त्या घोयऱ्याची जीभ कापावी लागली. पुढे तो चालत जाऊन जबड्याने खायला शिकला आणि जगलाही. सरदेसायांचे ते पालीसारखे खाणे आम्हाला विनोदी का वाटले होते, या प्रश्नाचे मला गाडीत बसल्यावर काहीही उत्तर सापडेना. जवळचा किडा जबड्याने उचलणे त्यांच्या जातीत विचित्र नाही, हे खरे. पण दहा इंचांवरच्या किड्यासाठी दहा इंच चालत जाणारा घोयरा भूक असूनही शस्त्र टाकून आलेला असतो.

फेब्रुवारीत घराची रीत बदलली. नवी नळी आली, तिच्या टोपणावर तारीख लिहिली गेली आणि सहा महिन्यांनंतरची दुसरी तारीख कॅलेंडरवर, एकादशीच्या खुणेशेजारी, लेकीने लाल पेनाने घातली. झुरळांच्या खोक्यात इतके दिवस बटाट्याची साले आणि सॅलडची उरलेली पाने जात होती. जे झुरळ खाते तेच शेवटी सरदेसाई खातात, हे कळूनही मी त्या खोक्याला उकिरडाच समजत होते. आता तिथे मोहरीचा पाला आणि रताळे जाऊ लागले. पालक मात्र बंद केला, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शिअमला बांधून ठेवते. रात्री उरलेला प्रत्येक रातकिडा पिंजऱ्यातून वेचून काढायचा, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या घोयऱ्याला कुरतडतात, हाही नियम आला. लोखंडी चिमट्याने भरवणे थांबले. सुटलेली जीभ चिमट्याच्या टोकावर आदळली तर काय होईल याची कल्पना मला आधी का आली नाही, कोण जाणे.

रोज सकाळी कॅल्शिअमचे गुलाबी औषध पाजण्याचे काम माझ्याकडे होते. सरदेसाई मला पाहून फुत्कार टाकत, तोंड उघडत, आणि मी त्या उघड्या तोंडात दोन थेंब टाकत असे. आमच्या दोघांच्याही स्वभावाला हा करार मानवला.

तीन आठवडे काहीच दिसले नाही. चौथ्या आठवड्यात जीभ दोन इंच सुटली आणि एका संथ अळीला लागली. लेकीने फोनच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला 240 चित्रे टिपायला सुरुवात केली होती, आणि त्या संथ फितीत आम्ही पहिल्यांदाच नीट पाहिले की तोंड उघडल्यापासून जीभ सुटेपर्यंतचा वेळ हा या खटाटोपातला सर्वांत मोठा भाग आहे. बाकीचे नुसते निसटणे आहे. ते थबकणे पुन्हा पुन्हा पाहताना मला जिभेच्या मुळाशी हलकेसे फुगणारे काहीतरी दिसू लागले. दोरी ओढली जात होती. आईला ती फीत पाठवली, तर तिने ती आपल्या भजनी मंडळात फिरवली, आणि त्यातल्या एका काकूंनी ‘आमच्या शेतातला घोयरापण असाच करतो का’ असे मला फोन करून विचारले. असाच करतो, म्हणून सांगितले. त्यांच्या शेतात तो अजून दिसतो, हे ऐकून मला बरे वाटले.

मार्चमध्ये अंतर चार इंचांवर आले, एप्रिलमध्ये पाचावर. मध्येच एकदा सलग सहा नेम चुकले आणि मी रात्रभर डॉक्टरांचा नंबर उशाशी घेऊन पडले; सकाळी कळले की सरदेसाई कात टाकत होते आणि ओठाभोवतीचे सुटे कातडे त्यांना त्रास देत होते. माती चाटणे थांबले. पाने खाणे थांबले नाही, पण वेल पुन्हा वाढू लागली, म्हणजे वेलीला झेपेल एवढेच ते खात असावेत. मे महिन्यातल्या एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा उजळ आल्या. बारा इंच पुन्हा येतील का, असे लेकीने विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की वाट पाहू.

परवा रविवारी आईचा फोन आला तेव्हा आम्ही पिंजऱ्यासमोरच बसलो होतो. हिरवी अळी सर्वांत खालच्या फांदीच्या टोकाला चढत होती. सरदेसाई वरून पाहत होते, आधी एका डोळ्याने, मग दोन्ही डोळ्यांनी. त्यांनी तोंड उघडले आणि जीभ ओठांशी येऊन थांबली. आईने नातीचे विचारले, जावयाचे विचारले, आणि मी नुसतेच हूं हूं करत राहिले. ‘टप्’ असा आवाज झाला.

“सरदेसाई जेवले का?” आईने विचारले.

लेक फांदीला मोजपट्टी लावत होती. “सात,” ती म्हणाली. “साडेसात धरू का?”

“सातच लिही,” मी म्हटले.